दात कसा घडतो, हे कुणी शोधलं आणि पुढे काय? कोल्हापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला मी दातांची रचना आणि घडण हा विषय शिकवते. वर्गात मुलं विचारतात, राजारामपुरीत भाजी घेताना ओळखीच्या आया विचारतात, गावाकडे गेले की चुलतभाऊ विचारतो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा बसून नीट लिहून काढायचं ठरवलं. जपानमध्ये नवे दात उगवायचं औषध आलं अशी बातमी मोबाइलवर फिरायला लागल्यापासून तर दर दोन दिवसांनी कुणीतरी रस्त्यात थांबवतं. त्या प्रश्नाचं उत्तरही खाली आहे, पण ते पटायला आधीचे तीन-चार प्रश्न वाचावे लागतील.

दात तयार व्हायला कधी सुरुवात होते?

आपण दात हिरडीतून वर आला की "दात आला" म्हणतो. खरं तर तोपर्यंत त्याचं निम्मंअधिक काम उरकलेलं असतं. गर्भ सहा आठवड्यांचा असताना, म्हणजे बोटभरही लांब नसताना, त्याच्या होणाऱ्या तोंडात घोड्याच्या नालेच्या आकाराची एक जाडसर पट्टी उठते. तिच्यावर ठरावीक जागी कळीसारखे फुगवटे येतात. पुढे ती कळी टोपीसारखी होते, मग घंटेसारखी. आमच्या पुस्तकांत या टप्प्यांची नावंच कळी, टोपी आणि घंटा अशी आहेत. चौथ्या महिन्यात दुधाच्या दातांच्या टोकांवर कठीण थर बसायला लागतो.

सहाव्या वर्षी जी पहिली पक्की दाढ येते, तिचा अंकुर मूल आईच्या पोटात असतानाच धरलेला असतो आणि तिच्यावर एनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कठीण थर, चढायला बाळंतपणाच्या सुमारास सुरुवात होते. तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा वरचा भाग बांधून तयार! नंतरची तीन वर्षं ती हाडात वाट बघत बसते. आयांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ही दाढ सगळ्यात मागे गुपचूप येते आणि दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तिच्या जागी पुन्हा काही येणार नसतं.

दात म्हणजे हाडच ना?

नाही. दात दोन वेगळ्या मातींतून घडतो. वरचं एनॅमल तोंडाच्या अस्तरापासून, म्हणजे कातडीच्या जातीच्या पेशींपासून बनतं. आतलं डेंटिन आणि आपण ज्याला "नस" म्हणतो तो मऊ भाग न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींपासून बनतो. या पेशी गर्भाच्या पाठीकडे, जिथे मेंदू आणि मणक्याची दोरी घडत असते तिथे जन्मतात आणि चालत चालत जबड्यापर्यंत येतात.

एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. ते बांधणाऱ्या पेशी दात वर येताना नाहीशा होतात. हाड मोडलं तर सांधतं, डेंटिनसुद्धा आतून थोडंफार नव्यानं बनत राहतं. एनॅमलचा गवंडी मात्र घर बांधून कायमचा निघून गेलेला असतो. दातांच्या संशोधनातली निम्मी धडपड या एका गोष्टीभोवती फिरते.

हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

पुरुषांपेक्षा बायकांना दात कमी असतात, असं अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं. तोंडात बोट घालून मोजले असते तर कळलं असतं, पण मोठ्या माणसाचं वाक्य म्हणून ते शतकानुशतकं चाललं. मला शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

आपल्याकडे काश्यपसंहितेत दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ३२ दातांपैकी आठ एकदाच जन्मणारे आणि बाकीचे "द्विज", म्हणजे दोनदा जन्मणारे, असं सांगितलंय. आजच्या हिशेबानं २० दात दोनदा येतात आणि १२ दाढा एकदाच. चारचा फरक राहतो, तरीही काही दात पडून पुन्हा येतात आणि काही एकदाच येतात हे निरीक्षण पक्कं आहे. संस्कृतात दाताला द्विज म्हणतात ते उगाच नाही.

१५६३ साली इटलीत बार्तोलोमेओ युस्ताकी यानं फक्त दातांवरचं एक पुस्तक काढलं. दुधाच्या दाताच्या उरलेल्या मुळातूनच पक्का दात फुटतो, असा तोवर समज होता. युस्ताकीनं मृत गर्भांचे जबडे उघडले आणि दोन्ही खेपांचे अंकुर वेगवेगळे असतात हे दाखवलं. मला हा माणूस सगळ्यांत जवळचा वाटतो. सूक्ष्मदर्शक हाताशी नसताना, नुसत्या डोळ्यांनी आणि सुरीनं त्यानं हे केलं.

१७७१ साली लंडनच्या जॉन हंटरनं माणसाच्या दातांची जडणघडण सविस्तर लिहिली. त्यानं एक अजब प्रयोग केला: माणसाचा ताजा उपटलेला दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला. तो तिथे धरला, आणि तो नमुना लंडनच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलाय. पुढे या रोपणाची फॅशन झाली आणि गरिबांच्या तोंडातले निरोगी दात पैसे देऊन उपटून श्रीमंतांच्या हिरडीत बसवले जाऊ लागले. दात धरत नसत, वर रोग पसरत. दातांच्या इतिहासातलं हे पान मी वर्गात वगळत नाही. नव्या तंत्राची किंमत कोण मोजतो, हे भावी डॉक्टरांना ठाऊक असायला हवं.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले आणि कामाला वेग आला. स्वीडनच्या अँडर्स रेट्झियसला एनॅमलमध्ये झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेषा दिसल्या. १८७४ मध्ये ऑस्कर हर्टविगनं दाताच्या मुळाला आकार देणारं पेशींचं पातळ वेष्टण दाखवलं. बेडकासारख्या उभयचर प्राण्यांच्या दातांचा अभ्यास करताना ते त्याला दिसलं होतं. आजही ते वेष्टण त्याच्याच नावानं ओळखलं जातं.

दाताला कीड लागते म्हणतात. खरंच आत किडा असतो का?

नसतो. दातात किडा शिरतो हा समज जगभर होता आणि आपल्या भाषेत तो शब्दात राहून गेला. फ्रान्सच्या पिएर फोशार्डनं १७२८ साली, असा किडा आपल्याला कधी आढळला नाही असं स्पष्ट लिहिलं. त्याआधी १६८३ मध्ये हॉलंडच्या लेवेनहूकनं दातावरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. तेव्हा "कीड" आहे म्हटलं तर आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही आणि आपण खाल्लेल्या साखरेचं आम्ल करून दात विरघळवते. गूळ खाल्ला तर दात किडत नाहीत, असं आपल्या भागात ठामपणे सांगतात. गुऱ्हाळावरची काकवी मलाही आवडते, पण जंतूंना साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही.

दाढेच्या जागी दाढच का येते? तिथं सुळा का येत नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. तो मला आठवीतल्या एका मुलीनं विचारला होता.

आधी सांगितलं तसं दातात दोन पक्ष असतात, वरचं अस्तर आणि खालची न्यूरल क्रेस्टची माती. आकार ठरवतो कोण? १९७० च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड कोलर आणि ग्रेस बेअर्ड यांनी उंदराच्या गर्भातले हे दोन थर सोडवून अदलाबदल करून जोडले. दाढेची माती आणि पटाशीच्या दाताचं अस्तर जोडलं, तर दाढ आली. पटाशीच्या दाताची माती आणि दाढेचं अस्तर, तर पटाशीचा दात. मग त्यांनी दाढेची माती चक्क उंदराच्या पायाच्या कातडीला जोडली. तिथेही दात झाला! म्हणजे हुकूम मातीचा, असं दिसलं.

पण १९८७ मध्ये कोलर आणि मीना यांनी आणखी आधीच्या दिवसांतले गर्भ घेतले, तर चित्र उलटं निघालं. अगदी सुरुवातीला हुकूम अस्तराचा असतो. बाराव्या दिवसाच्या आसपास तो खालच्या मातीकडे सोपवला जातो. पुढे तो पुन्हा वर येतो, पुन्हा खाली जातो. आमच्या घरी सासूबाई आणि मी मिळून पुरणपोळ्या करतो तसं काहीसं: पुरण त्यांचं, कणीक माझी, पण कणीक किती सैल हवी हे पुरणावर ठरतं आणि पुरण किती वाटायचं हे कणकेवर. एकीनं दुसरीकडे न बघता केलं तर पोळी फुटते.

ही बोलणी चालतात कशानं? पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपात निरोप पाठवतात. बीएमपी, एफजीएफ, डब्ल्यूएनटी आणि सोनिक हेजहॉग ही त्यांतली चार मोठी घराणी. गंमत म्हणजे हेच निरोप हाताची बोटं, केस आणि पिसं घडवतानाही वापरले जातात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात इर्मा थेसलेफ आणि युका येर्नव्हाल यांच्या गटानं १९९४ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. टोपीच्या टप्प्यावर दाताच्या अंकुरात पेशींची एक घट्ट गाठ दिसते. ती जुन्या लोकांनाही ठाऊक होती, पण तिचं काम कळत नव्हतं. ही गाठ स्वतः वाढत नाही, मात्र आजूबाजूच्या पेशींना वाढायला सांगते. त्यामुळे कडा खाली उतरतात आणि गाठीच्या जागी दाढेचा उंचवटा तयार होतो. जितके उंचवटे तितक्या गाठी. पटाशीच्या दाताला एक, दाढेला कित्येक. आरशात तोंड उघडून दाढेवरचे डोंगर बघा. प्रत्येक डोंगराच्या जागी एकेकाळी असा एक छोटा मुकादम बसलेला होता आणि काम संपल्यावर तो मरून गेला.

कोंबडीला दात आणले होते म्हणे?

पक्ष्यांच्या पूर्वजांना दात होते. ते सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी गेले. १९८० मध्ये कोलर आणि फिशर यांनी कोंबडीच्या पिल्लाचं अस्तर आणि उंदराची माती जोडून दात मिळवल्याचं जाहीर केलं. उंदराच्या अस्तराचा एखादा कण चुकून राहिला असेल, अशी शंका तेव्हा बऱ्याच जणांनी घेतली. २००६ मध्ये एका विशिष्ट जनुकीय दोषाच्या कोंबडीच्या गर्भात, उंदराचं काही न मिसळता, मगरीच्या दातांसारखे उंचवटे दिसले. तेव्हा चोचीखाली दाताची जुनी आठवण शिल्लक आहे, एवढं म्हणता येतं.

संशोधनाला उंदीरच का?

उंदीर लवकर वाढतो, त्याची जनुकं बदलता येतात आणि शंभरेक वर्षांची माहिती हाताशी आहे. पण त्याच्यात एक मोठी उणीव आहे. उंदराला दात एकदाच येतात. प्रत्येक बाजूला एक पटाशीचा दात आणि तीन दाढा, मधे सुळा नाही, उपदाढ नाही. पटाशीचा दात आयुष्यभर वाढत राहतो, कारण त्याच्या बुडाशी मूळपेशींचा (स्टेम सेल्सचा), म्हणजे नव्या पेशी बनवत राहणाऱ्या पेशींचा, साठा जिवंत असतो. सतत कुरतडणं ही त्याची गरजच आहे.

म्हणून दात पडून पुन्हा कसा येतो, हे उंदराला विचारून कळत नाही. त्यासाठी संशोधकांना फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी, डुक्कर, मगर, शार्क यांच्याकडे जावं लागलं. शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा मागून पुढे सरकत राहतात. मगरीच्या एकेका जागी आयुष्यात सुमारे पन्नास वेळा दात बदलतो. हत्तीच्या दाढा सहा खेपांत येतात, शेवटची झिजली की त्याला नीट चावता येत नाही. आपण मात्र दोन खेपांवर थांबलो. का थांबलो, याचं उत्तर मिळालं तर तिसरी खेप आणता येईल ही सगळी आशा आहे.

आमच्या घराण्यात सगळ्यांनाच एक दात कमी असतो. हे कशामुळे?

जनुकांमुळे. आणि हे दिसतं तितकं दुर्मीळ नाही. अक्कलदाढ सोडून एखादा पक्का दात जन्मतःच नसणारे शंभरात पाच-सहा जण सापडतात. बहुतेकदा वरचा बाजूचा पटाशीचा दात किंवा दुसरी उपदाढ नसते. १९९६ मध्ये अशाच एका कुटुंबाचा अभ्यास करून एमएसएक्स-१ या जनुकातला दोष सापडला. २००० मध्ये पॅक्स-९ सापडलं. २००४ मध्ये फिनलंडमधल्या एका कुटुंबात अॅक्सिन-२ मधला दोष सापडला. त्या घरात दातही कमी होते आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सरही. तेव्हा बरेच दात जन्मतः नसतील, तर घराण्याचा इतिहास डॉक्टरांना सविस्तर सांगा. नुसती कवळी बसवून मोकळे होऊ नका.

या विषयातली एक जुनी नोंद आपल्या बाजूची आहे. चार्ल्स डार्विनला वेडरबर्न नावाच्या गृहस्थानं सिंध प्रांतातल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत कळवली होती आणि डार्विननं १८७५ मध्ये ती छापली. चार पिढ्यांत दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून चार बारीक पटाशीचे दात आणि आठ दाढा एवढंच होतं. अंगावर केस फार कमी असत, टक्कल लवकर पडे आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून फार हाल होत. मुलींना त्रास नसे, पण त्या तो पुढे आपल्या मुलांना देत. मेंडेलच्या नियमांकडे जगाचं लक्ष जायच्या पाव शतक आधी डार्विननं एक्स गुणसूत्रावरच्या आजाराचं अचूक वर्णन करून ठेवलं होतं. त्याचं ईडीए हे जनुक सापडायला १९९६ उजाडलं. केस, घामाच्या ग्रंथी आणि दात, तिन्हींना हाच निरोप लागतो.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी या आजाराच्या तीन मुलांवर जन्माआधीच उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. आईच्या पोटातल्या पाण्यात हे हरवलेलं प्रथिन इंजेक्शननं सोडलं आणि जन्मल्यावर त्या मुलांना घाम यायला लागला. सिंधमधल्या त्या माणसांचे उन्हाळे आठवले की मला याची किंमत कळते.

"पोराला वरचं दात आधी आल्यात, मामाला जड हाय म्हणत्यात. खरं का?"

खोटं. बहुतेक मुलांना खालचे मधले दोन आधी येतात, काहींना वरचे. अंकुर दोन्हीकडे असतात, कुणाचा आधी वर येईल त्यात थोडं मागेपुढे होतंच. काही मुलं तर दातासकटच जन्मतात. साधारण दोन-तीन हजारांत एक. हे बहुतेक वेळा खालचे नेहमीचेच दुधाचे दात असतात, लवकर आलेले. ते फार हलत असतील आणि श्वासनलिकेत जायची भीती असेल किंवा बाळाच्या जिभेला जखम होत असेल, तरच काढतात. एका सुनेला यावरून घरात टोमणे ऐकावे लागले होते आणि ती माझ्याकडे रडत आली होती. तिला मी खालच्या जबड्याचं चित्र काढून दिलं. त्याचा उपयोग झाला की नाही कोण जाणे, पण चित्र तिनं घडी करून पर्समध्ये ठेवलं.

दात येताना जुलाब होतातच का?

लाळ, हिरडी शिवशिवणं, किरकिर हे होतं. जुलाब आणि मोठा ताप दातामुळे होत नाही. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि बाळ दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून दोन्ही एकाच वेळी येतं. "दाताचे जुलाब" म्हणून घरी बसू नका. ओआरएस द्या आणि बाळाला दाखवून आणा.

दात हिरडी फोडून वर कसा येतो? मूळ वाढतं म्हणून ढकलला जातो का?

बरीच वर्षं असंच शिकवलं जायचं. १९८० च्या दशकात अमेरिकेत मार्क्स आणि केहिल यांनी कुत्र्याच्या पिल्लांत दाताभोवतीची मऊ पिशवी शाबूत ठेवून आतला दात काढला आणि त्याच्या जागी धातूचा खोटा दात ठेवला. तो खोटा दातही वेळेवर वर आला! पिशवी काढून टाकली, तर खरा दातसुद्धा जागचा हलला नाही. म्हणजे वाट करून देणारी ती पिशवी. वरचं हाड विरघळवायचं आणि खाली नवं हाड घालायचं, ही दोन्ही कामं तीच करवून घेते.

दात ज्या ठरावीक वेळी येतात, त्याचं ज्ञान आपल्याकडे बैलबाजारात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. माझा चुलतभाऊ पेठ वडगावच्या बाजारात खोंडाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून एक नजर टाकतो आणि "आदत", "दुसा", "चौसा", "जुळला" असं सांगून मोकळा होतो. आदत म्हणजे अजून सगळे दुधाचेच दात. दुसा म्हणजे पक्क्या दातांची पहिली जोडी आलेली, साधारण दोन वर्षांपुढचा. चौसाला दोन जोड्या, आणि जुळला म्हणजे आठही पुरे झाले. शर्यतीचे गटही याच हिशेबानं पडतात. पुरलेल्या सांगाड्याचं वय काढताना न्यायवैद्यकातले लोक दातांकडे बघतात तेव्हा तेही तेच करत असतात, फक्त त्यांच्या हातात एक्स-रे असतो.

नव्या पक्क्या दातांवर पांढरे किंवा पिवळे डाग का?

तीन कारणं मुख्य. पहिलं, पाण्यातलं जास्त फ्लोराइड. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्यानं १९०१ पासून तपकिरी डागांचा पिच्छा पुरवला आणि कारण कळायला १९३१ साल उजाडलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांना याचा त्रास आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा तपासून घ्या. आणि लहान मुलांना पेस्ट द्या, पण तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी.

दुसरं, पहिल्या दाढा आणि पटाशीच्या दातांचं एनॅमल खडूसारखं ठिसूळ राहणं. याला २००१ मध्ये वेगळं नाव मिळालं. ठाम कारण अजून हाती नाही, पण पहिल्या तीन वर्षांतली आजारपणं आणि ताप यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. हे दात थंड पाणी लागलं तरी कळवळतात. मूल दात घासत नाही म्हणून त्याला रागावू नका, दुखतं म्हणून घासत नसेल.

तिसरं, टेट्रासायक्लिन. हे औषध घडत्या दातात कॅल्शियमला चिकटून बसतं, म्हणून गरोदरपणी आणि आठ वर्षांखाली टाळतात. मी चार वर्षांची असताना मला ते बरेच दिवस दिलं गेलं होतं. माझ्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ पिवळसर पट्टा आहे. पुढे तार लावताना माझी एक उपदाढ काढावी लागली. शिकत असताना तिचा काप करून मी अतिनील दिव्याखाली धरला, तर मधे एक पिवळी रेघ लखलखत होती. माझ्या चौथ्या वर्षातलं ते आजारपण तिथे तारखेसारखं कोरून ठेवलं होतं. या विषयाकडे मी त्या दिवशी वळले.

जपानच्या औषधानं खरंच नवे दात येणार का?

काम खरं आहे, बातम्या मात्र त्याच्या पुढे पळाल्या आहेत.

यूसॅग-१ नावाचं एक प्रथिन बीएमपी आणि डब्ल्यूएनटी या निरोपांना लगाम घालतं. ज्या उंदरांत हे प्रथिन नसतं त्यांना जादा दात येतात. काटसू ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाला अडवणारी अँटिबॉडी तयार केली. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की जन्मतः दात नसलेल्या उंदरांत एका मात्रेनं दात आला आणि फेरेटमध्येही जादा दात आला. फेरेट इथे महत्त्वाचा, कारण त्याला आपल्यासारख्या दोन खेपा असतात.

२०२४ च्या शरद ऋतूत क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. ३० ते ६४ वयाचे ३० निरोगी पुरुष, प्रत्येकाची निदान एक दाढ नसलेली. या चाचणीचा हेतू औषध सुरक्षित आहे का, एवढाच. त्यानंतरचा क्रम जन्मतः बरेच दात नसलेल्या लहान मुलांचा आणि २०३० च्या सुमारास त्यांच्यासाठी औषध यावं असं उद्दिष्ट आहे. किडून किंवा पायोरियानं दात गेलेल्या आपल्यासारख्यांचा नंबर त्याच्याही मागे.

मला यात आशा वाटते, कारण माणसाच्या जबड्यात तिसऱ्या खेपेची शक्यता दडलेली असते याचे पुरावे आहेत. रनएक्स-२ जनुकात दोष असलेल्या काही लोकांच्या जबड्यात डझनावारी जादा दात सापडतात. पण तेच उदाहरण सावधही करतं. ते दात वेड्यावाकड्या जागी अडकून पडतात. अंकुर सुटा करणं एक, तो हव्या जागी, हव्या आकाराचा, हव्या दिशेनं आणणं दुसरं. आणि हे निरोप साऱ्या शरीरात कामाला असतात. म्हणून आजचा दुखरा दात "पुढे नवा येईलच" म्हणून काढू नका. रूट कॅनाल करून वाचत असेल तर वाचवा.

प्रयोगशाळेत दात बनवून बसवता येईल का?

उंदरात ते झालंय. ताकाशी त्सुजी यांच्या गटानं २००९ मध्ये उंदराच्या गर्भातल्या पेशींपासून अंकुर बनवून तो मोठ्या उंदराच्या जबड्यात रोवला. तो उगवला, चावू लागला आणि दुखलं तर त्याला कळत होतं. अडचण पेशींची आहे: गर्भातल्या पेशी माणसाकडून कुठून आणणार? मोठ्या माणसाच्या पेशी ती सुरुवातीची बोलणी विसरलेल्या असतात. अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठात पामेला येलिक माणसाच्या आणि डुकराच्या पेशी एकत्र करून छोट्या डुकरांच्या जबड्यात दातासारखी रचना वाढवतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये पेशींना एकमेकींशी सावकाश बोलता येईल असा जेलीसारखा पदार्थ तयार करण्यावर भर आहे. वॉशिंग्टन विद्यापीठानं २०२३ मध्ये मूळपेशींपासून एनॅमल बनवणाऱ्या पेशी घडवल्याचं दाखवलं. निघून गेलेल्या गवंड्याला परत बोलवायचा हा प्रयत्न आहे.

पूर्ण दाताआधी दाताची डागडुजी येईल असा माझा अंदाज आहे. २०१७ मध्ये किंग्ज कॉलेजच्याच पॉल शार्प यांच्या गटानं अल्झायमरसाठी तपासलेलं टिडेग्लुसिब हे औषध स्पंजात भिजवून उंदराच्या दाताच्या खड्ड्यात ठेवलं, तर आतून डेंटिन भरून आलं. पुन्हा तोच डब्ल्यूएनटीचा निरोप.

बाळाचा दुधाचा दात स्टेम सेल बँकेत ठेवावा का?

२००३ मध्ये सोंगताओ शी आणि सहकाऱ्यांनी पडलेल्या दुधाच्या दाताच्या गरात मूळपेशी असतात हे दाखवलं. त्यांच्या लेकीचा दात पडला आणि त्यात त्यांना लालसर जिवंत गर दिसला, तिथून ही सुरुवात. शोध पक्का आहे. त्यावर उभा राहिलेला धंदा मात्र तसा नाही. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यावसायिक साठवणुकीला परवानगी फक्त नाळेतल्या रक्ताची आहे, दाताच्या गराची नाही. एका जोडप्यानं यासाठी कर्ज काढायचं ठरवलं होतं, त्यांना मी हात जोडून थांबवलं. त्या पैशांत पहिल्या दाढेच्या खाचा भरून घ्या आणि सहा महिन्यांनी एकदा दाखवा.

मग पडलेल्या दाताचं करायचं काय?

आमच्याकडे तो शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकतात आणि उंदरासारखा दात येऊ दे म्हणतात. फेका खुशाल. पण कधी जमलं तर एखादा ठेवा.

माझ्या पुतणीनं तिचा पहिला पडलेला दात मला कागदात गुंडाळून दिला. खालचा मधला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. मुळाचा भाग जवळजवळ विरघळून गेलेला. मी तो कार्बोरंडमच्या दगडावर पाणी घालत घासला, मग बारीक अर्कान्सा दगडावर. या कामात बोटाच्या टोकाची कातडी आधी झिजते, दात नंतर. दोन तासांनी तो इतका पातळ झाला की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं त्यातून वाचता येत होती. काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिला स्टुलावर उभं केलं.

एनॅमलमध्ये बारीक बारीक रेषा होत्या आणि त्यांत एक इतरांहून ठळक, गडद. प्रत्येक दुधाच्या दातात ती असते. बाळ पोटातून बाहेर येतं तेव्हा एनॅमल बांधणाऱ्या पेशींना हिसका बसतो, काम क्षणभर अडखळतं आणि ती खूण कायमची राहते. रेषेच्या आतलं एनॅमल आईच्या पोटातलं, बाहेरचं नंतरचं. तिला मी सांगितलं, ही रेघ म्हणजे तुझा वाढदिवस. तिनं बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग विचारलं, "आणि याच्या आधीची मी कुठंय?" मी काचपट्टी थोडी आत सरकवून दिली.